एका शेअरचे तीन भाव

वऱ्हाडातल्या माणसाला भाव विचारावा आणि त्याने तो सांगू नये, असे सहसा घडत नाही. अकोल्याच्या बाजारात तूर काल काय भावाने सुटली, कापसाला कुठे किती मिळाले, अमरावतीकडचा संत्र्याचा बाग मागच्या सालापेक्षा चढ्या दराने गेला की उतरत्या, हे चहाच्या टपरीवरचा पोऱ्याही सांगेल. परंतु ज्या घरात ट्रंकेच्या तळाशी एखाद्या लहानशा कंपनीचे शेअर पडून आहेत, त्या घरच्या कर्त्या पुरुषाला विचारून पाहा, “बुवा, या कागदाची आजची किंमत काय?” तो कंपनीचा इतिहास सांगेल, चेअरमनसाहेबांच्या मुलाच्या लग्नातल्या जेवणाचे वर्णनही करील, किंमत मात्र त्याला सांगता यायची नाही. शेअरबाजारात ज्यांची रोज बोली होते त्या कंपन्यांचे ठीक आहे. पण ज्यांची खरेदी-विक्री कुठेच होत नाही आणि ज्यांचे सगळे भागधारक एका मंगल कार्यालयात सहज मावतील, अशा कंपन्यांच्या शेअरचा भाव काढायचा कोणी, आणि कसा?

अमरावतीस जमाखर्च शिकवण्यात मी उभा जन्म घातला. निवृत्त झाल्यावरही लोक कागद घेऊन येतात. कुणाचे विम्याचे, कुणाचे पतपेढीचे. मागच्या सालात आले ते मात्र घरचेच. माझी थोरली बहीण अकोल्याला दिलेली. तिचे यजमान तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेबनीस होते. डाळ मिलला लागणारी यंत्रे तिथे तयार होतात. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण ती चालू आहे आणि माणसे ओळखीची आहेत. नोकरीत असताना त्यांनी थोडे थोडे करून घेतलेले आणि मधून बोनस म्हणून मिळालेले असे चार हजार शेअर ताईच्या नावावर आहेत. दर्शनी किंमत दहा रुपये. यजमान गेले, पेन्शन नाही, नात नर्सिंगच्या शिक्षणाला पुण्यात. तेव्हा हे चार हजार शेअर म्हणजे ताईच्या संसारातला जवळजवळ शेवटचा सोन्याचा दागिना म्हणा ना!

एकाच आठवड्यात तिला दोन लिफाफे आले. पहिल्यात मालक मंडळींचे गोड पत्र होते. आपल्यासारख्या जुन्या भागधारकांची अडचण होऊ नये म्हणून आम्ही आपले शेअर ६० रुपयांप्रमाणे घ्यायला तयार आहोत, वगैरे. दुसऱ्यात सभेची नोटीस होती. जनरल मॅनेजरना कंपनीतर्फे एक लाख ‘ऑप्शन’ द्यायचे. तीन वर्षांनी त्यांना दर शेअरला १० रुपये भरून तितके शेअर घेता येतील. भागधारकांनी विशेष ठराव मंजूर करावा. नोटिशीला जोडलेल्या खुलाशाच्या तिसऱ्या पानावर बारीक टाइपात आणखी एक आकडा होता : मूल्यांकनकाराच्या अहवालाप्रमाणे आजच्या शेअरची वाजवी किंमत १२० रुपये.

मॅनेजरला दहा, ताईला साठ, आणि हिशेबाच्या कागदात एकशेवीस!

ताई चौथीपर्यंत शिकलेली. तिने तिन्ही आकड्यांखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या आणि मला फोनवर म्हणाली, “अरे, वाण्याकडे एकाच डाळीचे तीन भाव लावले तर आपण दुकान बदलतो. इथं कुठं जायचं?”

हा ऑप्शन म्हणजे काय, ते आपल्याकडच्या दाखल्यावरून सांगतो. शेतात सालदार असतो, त्याला सालाचा ठरलेला पैसा मिळतो, पीक बुडो की तरो. बटईने करणारा असतो, त्याला पिकातला वाटा मिळतो; पीक गेले तर त्याचेही श्रम गेले. ऑप्शनवाला या दोहोंच्या मधला. पगार चालूच, वर मालकाने लिहून द्यायचे की, तीन वर्षांनी तुला वाटले तर या शेताचा दहावा हिस्सा आज ठरवलेल्या भावाने तू विकत घे, नाही वाटले तर घेऊ नकोस. जमिनीचा भाव वाढला तर त्याचा फायदा, पडला तर त्याचे काही जात नाही. यात गैर काही नाही. चांगला माणूस टिकवायचा तर त्याला नुसत्या पगारावर किती दिवस ठेवणार? प्रश्न एवढाच की ‘आज ठरवलेला भाव’ कोणता. आजचा ठरवला तर त्याला शेत सुधारण्याची हौस येईल. आजोबांच्या वेळचा ठरवला तर त्याने बांधावर नुसते बसून राहिले तरी चालेल.

आता थोडे आकडे सोसा. गृहिणींना यातले कळत नाही असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. महिन्याचा खर्च बसवणाऱ्या बाईला हा हिशेब पोरखेळ आहे. कंपनीचे एकंदर शेअर दहा लाख. १२० रुपयांप्रमाणे सगळी कंपनी झाली बारा कोटींची. मॅनेजरसाहेबांनी एक लाख नवे शेअर १० रुपयांप्रमाणे घेतले म्हणजे तिजोरीत दहा लाख आले. कंपनी झाली बारा कोटी दहा लाखांची, शेअर झाले अकरा लाख. भागून पाहा : ११० रुपये. म्हणजे जुन्या प्रत्येक शेअरमागे १० रुपये कमी झाले. दहा लाख शेअरांवर एक कोटी. आणि मॅनेजरसाहेबांना १० रुपयांत ११० ची वस्तू मिळाली, शंभर रुपयांचा लाभ, एक लाख शेअरांवर बरोबर एक कोटी. कंपनीच्या पेटीतून एक पैसा गेला नाही, उलट दहा लाख आले. तरी भागधारकांच्या खिशातून एक कोटी गेले, आणि त्याची पावती कुणालाच मिळाली नाही. ताईच्या वाट्याचे त्यात ४० हजार.

हेच ऑप्शन १२० रुपयांच्या भावाने दिले असते तर? समजा, तीन वर्षांत मॅनेजरने कारखाना असा चालवला की शेअर २०० चा झाला. कंपनी वीस कोटींची. त्याने एक लाख शेअरांचे एक कोटी वीस लाख भरले. एकवीस कोटी वीस लाख भागिले अकरा लाख, म्हणजे १९३ रुपयांच्या आसपास. ताईला दोनशेऐवजी एकशेत्र्याण्णव. पण एकशेवीसचे एकशेत्र्याण्णव! असा सौदा कोण नाकारील? एकच माणूस, तेवढेच शेअर; भरायच्या रकमेच्या एका आकड्याने एक ठराव दानपत्र होतो आणि दुसरा भागीदारी.

शास्त्री लोक म्हणतील, आजच्याच भावाने दिलेला ऑप्शनसुद्धा फुकट नसतो. वाढेल तर घेईन, नाही तर नाही, या सवलतीचीही किंमत असते. खरे आहे. १९७३ साली ब्लॅक आणि शोल्स या दोघा पंडितांनी ती काढण्याचे सूत्रच प्रसिद्ध केले आणि जगभर ते वापरात आले. पण त्या सूत्राला शेअरचा भाव किती वरखाली होतो ते ठाऊक असावे लागते. ज्या शेअरचा सौदा पाच वर्षांत दोनदा झाला, त्याचे वरखाली होणे कुठून आणायचे? लहान कंपनीपुढे सूत्रेही हात टेकतात. शेवटी कारखान्यात जाऊनच पाहावे लागते.

म्हणून मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्यास गेलो. १२० हा आकडा तरी खरा कशावरून?

मूल्यांकनकाराने केले होते ते सोपे होते. तीन वर्षांचा निव्वळ नफा ऐंशी लाख, एक कोटी नव्वद लाख आणि नव्वद लाख. सरासरी एक कोटी वीस लाख, म्हणजे शेअरमागे १२ रुपये. त्याची दहापट १२०. दहापट म्हणजे पैशावर शेकडा दहा सुटावेत अशी अपेक्षा. बँकेच्या मुदतठेवीपेक्षा धंद्यात धोका जास्त, तेव्हा जास्त मागायला हवे, हे ठीक. पण मधल्या वर्षाचे एक कोटी नव्वद लाख आले कुठून? तर लातूरकडची एक मोठी मागणी त्या साली एकदम पुरी झाली होती. तशी मागणी दर तीन वर्षांनी येते की जन्मात एकदा, हे ताळेबंदात लिहिलेले नसते. ते जुन्या फोरमनला विचारावे लागते. तो म्हणाला की गिऱ्हाइकाने दुसऱ्या मिलसाठीही चौकशी केली आहे. बरे वाटले, पण चौकशीला आपण मागणी म्हणत नाही.

उलट काही गोष्टी नफा कमी दाखवणाऱ्याही होत्या. कंपनी एक गोदाम भाड्याने वापरते. ते मालकांच्याच घरातल्या मंडळींचे आणि भाडे सालाला अठरा लाख. आजूबाजूला विचारले तर तसले गोदाम दहा लाखांत मिळते. म्हणजे आठ लाखांचा नफा गोदामाच्या दाराने बाहेर जात होता. लहान कंपनीची किंमत काढताना हे पहिल्याने पाहावे : मालकाच्या घराशी होणारे व्यवहार. भाडे, पगार, व्याज, गाडी. कायद्याने त्यातले पुष्कळसे हिशेबाच्या टिपांत द्यावे लागतात. तिथे फार थोडे लोक नजर टाकतात.

जमिनीचे काय? प्रत्येकजण मला म्हणे, “मास्तर, जागेचीच किंमत पाहा ना!” पण औद्योगिक वसाहतीतली जागा महामंडळाकडून भाडेपट्ट्याने असते, बहुधा ९५ वर्षांच्या. ती विकताना महामंडळाची परवानगी आणि आकार दोन्ही लागतात. घरच्या सातबाऱ्यावरची जमीन आणि ही जमीन एका मापाने मोजू नये. यंत्रे पाहिली. दोन लेथ इतक्या जुन्या की त्यांच्यावर हात फिरवला तर माझ्या तरुणपणाची आठवण यावी. घसारा कागदावर संपलेला, म्हणून नफा फुगलेला. पण चार-पाच वर्षांत नवी घ्यावीच लागणार. उधारी पाहिली. सहा महिन्यांच्या वरची उधारी बरीच, आणि डाळ मिलवाले पैसे कधी देतात, हे तूर कशी विकली जाते यावर ठरते.

हे सारे उणे-अधिक करून माझा आकडा आला ९५ ते ११५ च्या दरम्यान. मूल्यांकनकाराचे एकशेवीस मला थोडे चढे वाटले, खोटे नाही. मालकांचे साठ मात्र पटेना. त्यांचे म्हणणे असे की, थोड्या शेअरांना गिऱ्हाईक नसते, कारभारात हात नसतो, तेव्हा भाव उतरतोच. उतरतो, मान्य. चौथाई उतरवा, फार तर तिसरा हिस्सा. निम्मा उतरवणे म्हणजे अडलेल्याची अडचण विकत घेणे होय.

आणि एक गोष्ट कुठल्याच ताळेबंदात नव्हती. सबंध दिवस मी त्या कारखान्यात होतो. जो तो प्रत्येक अडचण घेऊन त्या मॅनेजरकडेच जात होता. चाळणीची जाळी कोणत्या नंबरची, कोणत्या गिऱ्हाइकाला कोणते रोलर चालतात, कर्ज कोणती बँक वाढवील, सगळे त्याच्या डोक्यात. चौदा वर्षे तो तिथे आहे. तो उद्या इंदूरला गेला तर माझे ९५ चे ५० व्हायला वर्ष लागणार नाही. मोठ्या कंपनीत एक साहेब गेला तर दुसरा येतो. लहान कंपनीत कंपनीची किंमत आणि कारभाऱ्याची किंमत यांच्या मुळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. म्हणून त्याला वाटा द्यायला माझा विरोध नव्हता, ताईचाही नव्हता. ती उलट म्हणाली, “तो नसता तर यांच्या मागं कारखानाच राहिला नसता.”

कारभाऱ्याला किती आणि कशावर द्यावे, हे भांडण तसे आजचे नाही. कापसाच्या गिरण्या निघाल्या तेव्हा त्या चालवीत मॅनेजिंग एजंट. मुंबईत त्यांचे कमिशन पुष्कळ ठिकाणी सुताच्या पौंडामागे पाव आणा असे असे. म्हणजे गिरणीला नफा होवो की तोटा, सूत निघाले की एजंटाचे पैसे निघाले! मग सूत खपो न खपो, चाती फिरतच राहायच्या. ज्यांनी १८७७ साली नागपुरास, आमच्या कापसाच्या उंबऱ्याशी, एम्प्रेस मिल सुरू केली त्या जमशेटजी टाटांनी पुढे १८८६ च्या सुमारास कुर्ल्याची स्वदेशी मिल घेताना ही पद्धत मोडली आणि एजंटाचे कमिशन नफ्याशी बांधले. त्या काळी ही गोष्ट इतर एजंटांना काही आवडण्यासारखी नव्हती.

आमच्या मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जाणारी शकुंतला गाडी पुष्कळ वाचकांना आठवत असेल. कापूस वऱ्हाडचा, प्रवासी वऱ्हाडचे, आणि रूळ ज्या कंपनीचे तिचा कारभार मुंबईच्या किलिक निक्सन या एजंट पेढीकडे. लोक त्या गाडीच्या संथपणावर विनोद करीत. त्या कंपनीच्या शेअरची किंमत मात्र गाडीच्या वेगावर नव्हती, मोठ्या रेल्वेशी झालेल्या करारावर होती. कंपनीची किंमत कधीकधी अशी एका कागदात असते.

एजंटांच्या कमिशनला १९५६ च्या कंपनी कायद्याने निव्वळ नफ्याच्या शेकडा दहाची मर्यादा घातली, आणि १९७० च्या एप्रिलपासून ती पद्धतच बंद झाली. आजचा २०१३ चा कायदा संचालकांच्या एकंदर मोबदल्याला सामान्यतः नफ्याच्या शेकडा अकराची मर्यादा सांगतो. त्यापलीकडे जायचे तर भागधारकांच्या सभेची मंजुरी. ऑप्शनचे दार वेगळे. प्रवर्तकाला, किंवा दहा टक्क्यांवर शेअर असलेल्या संचालकाला ते घेता येत नाहीत. नव्या, ‘स्टार्टअप’ म्हणवणाऱ्या कंपन्यांना तेवढी सूट आहे. ऑप्शन दिल्यापासून ते हाती पडेपर्यंत निदान एक वर्ष जावे लागते. एकाच माणसाला एका वर्षात कंपनीच्या भांडवलाच्या एक टक्का किंवा अधिक द्यायचे तर त्याचा ठराव वेगळा मांडावा लागतो. आमच्या कारखान्यात तर दहा टक्के होते!

आता दुसरी बाजू सांगतो, नाहीतर कारभाऱ्याला वाटा म्हणजे लूट, असा वाचकांचा ग्रह व्हायचा. खानदेशातले अमळनेर सर्वांना ठाऊक आहे, साने गुरुजींमुळे. तिथे १९४५ च्या डिसेंबरात महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांची वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदली गेली. वनस्पती तूप आणि कपड्याचा साबण. अमळनेरच्या पुष्कळ साध्या घरांत तिचे शेअर होते. १९६६ साली प्रेमजी वारले. मुलगा अझीम एकवीस वर्षांचा, अमेरिकेत शिकत होता. तो शिक्षण टाकून आला. त्या पहिल्या सभेची हकीकत पुष्कळदा सांगितली गेली आहे : एका भागधारकाने उभे राहून त्याला तोंडावर सांगितले की, हे तुला झेपायचे नाही, आपले शेअर जाणत्या माणसाला विकून मोकळा हो. त्या भागधारकाला मी मूर्ख म्हणणार नाही. त्या दिवशी, त्या ताळेबंदावर, मीही कदाचित तेच म्हटले असते. कारभारी नवखा असला की कंपनीचा भाव उतरतो, हे त्याचे गणित बरोबरच होते. चुकला तो माणूस जोखण्यात.

तीच कंपनी पुढे विप्रो झाली, संगणकाच्या धंद्यात शिरली, २००० साली न्यूयॉर्कच्या बाजारात जाऊन बसली. ज्या अमळनेरकरांनी शेअर ट्रंकेत ठेवून दिले त्यांच्या घरांची कहाणी दंतकथेसारखी झाली आहे. पण मला त्यातली कमी बोलली जाणारी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १९८४ साली, म्हणजे ‘ऑप्शन’ हा शब्द आपल्याकडे कुणाच्या तोंडी नसताना, विप्रोने एक विश्वस्त निधी काढला. तो कंपनीकडून कर्ज घेऊन कंपनीचेच शेअर घेई आणि ते कर्मचाऱ्यांना देई. पुण्यात १९८१ साली निघालेल्या इन्फोसिसनेही १९९४ मध्ये नोकरांसाठी अशी योजना आणली. अमळनेरच्या भागधारकाच्या वाट्यात त्यामुळे थोडी घट आली असेलच. तरी त्याने कुरकुर केल्याचे कुणी सांगत नाही, कारण भाकरी वाढत होती आणि वाटा अनेकांना मिळत होता, एकाला नव्हे.

तोच इन्फोसिस २०१७ साली उलट कारणाने गाजला. प्रवीण राव या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वाढीव मोबदल्याचा ठराव आला, त्यात शेअरांचाही भाग होता. संस्थापक नारायण मूर्ती यांनी जाहीर हरकत घेतली. म्हणणे असे की, बहुतेक कर्मचाऱ्यांना सहा ते आठ टक्के वाढ देत असताना वरच्याला साठ-सत्तर टक्के द्यायचे कोणत्या तोंडाने? ठराव मंजूर झाला. पण अवघ्या दोनतृतीयांश मतांनी. साधा ठराव होता म्हणून निभावले. तीनचतुर्थांश मते लागती, तर तो पडला असता.

अमेरिकेतले वॉरेन बफे तर वर्षानुवर्षे सांगत आले की ऑप्शन हा पगारच आहे आणि पगार हा खर्चच आहे, तो नफ्यातून वजा दाखवा. कंपन्या दाद देत नव्हत्या. अखेर २००४ च्या सुमारास हिशेबाचे जागतिक नियम तसे झाले. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांनाही आता तो खर्च मांडावा लागतो. मौज अशी की, हेच बफे २०१४ साली कोकाकोला कंपनीची शेअर वाटण्याची योजना अवाजवी आहे असे म्हणाले, आणि मत मात्र विरुद्ध न देता तटस्थ राहिले! एवढ्या मोठ्या भागधारकाला जर संकोच पडतो, तर अकोल्याच्या विधवा बाईचे काय?

पण आमच्या ताईला संकोच पडला नाही, आणि त्याला कारण एक भागाकार. मालक मंडळींकडे ६८ टक्के शेअर होते. लोक समजत होते, मालक म्हणतील ते होणार. विशेष ठरावाचा नियम असा की बाजूची मते विरुद्ध मतांच्या तिप्पट तरी हवीत. अडुसष्टाला तिनाने भागा. विरुद्ध तेवीस टक्के पडले की ठराव खाली! बाकीच्या बत्तीस टक्क्यांत तेवीस जमवायचे होते. भागधारकांचे रजिस्टर पाहण्याचा हक्क प्रत्येक भागधारकाला कायद्याने आहे. माझा भाचा कंपनीच्या कचेरीत जाऊन यादी उतरवून घेऊन आला. तीनशेच्या आसपास नावे. निवृत्त कामगार, दोन डॉक्टर, एक नागपूरचे व्यापारी कुटुंब, काही मयत. ताईने पोस्टकार्डे लिहिली. मजकूर माझा नव्हे, तिचाच. तीन भाव लिहिले होते आणि खाली, ‘सभेला या, नाहीतर मुखत्यारपत्र ४८ तास आधी पोचेल असे पाठवा.’

सभा कारखान्याच्या आवारातच होती. माणसे इतकी आली की कँटीनमधून बाके आणावी लागली. ताईला बोलायचे होते, पण तिच्या आधी एक निवृत्त टर्नर उठला.

“सायेब,” तो म्हणाला, “मॅनेजरसायबाले वाटा द्या, आमची ना नाही. त्यायनंच कारखाना उभा ठेवला. पन त्यायले धा रुपयानं देता अन् आमाले साठ देऊन घरी पाठोता. ज्या भावानं त्यायले देता त्याच भावानं तुमचे थोडे मले द्या ना! मी आत्ता घेतो.”

हशा पिकला, पण चेअरमनसाहेब हसले नाहीत. मग ताई उठली. तिने एवढेच विचारले की हा १२० चा अहवाल कंपनीने स्वतः मागवला की नाही? मागवला असेल, तर आम्हाला साठ लिहिताना तो टेबलावर होता की नव्हता? चेअरमननी चिटणीसाकडे पाहिले, चिटणीसाने कागदांकडे.

मला सर्वांत लक्षात राहिले ते मॅनेजरचे बोलणे. त्याला बोलायचे कारण नव्हते, पण तो उभा राहिला. “दहा रुपये मी मागितले नव्हते,” तो म्हणाला, “मी वाटा मागितला होता.” आणि खाली बसला.

मुखत्यारपत्रे धरून विरुद्ध मते तेवीसच्या वर जातात, हे चिटणीसाच्या वहीत दिसतच होते. असा ठराव सभेत उभ्याउभ्या बदलता येत नाही. नोटिशीत छापलेल्यावरच मत घ्यावे लागते. तेव्हा मंडळींनी तो मागे घेतला.

अडीच महिन्यांनी नवी नोटीस आली. ऑप्शन साठ हजार. भाव १०० रुपये. चार वर्षांत हप्त्याहप्त्याने. आणि तीन वर्षांचा सरासरी नफा सव्वा कोटीच्या वर असेल तरच शेवटचा हप्ता. मूल्यांकनकाराचेच १२० धरले तरी जुन्या शेअरला घट सव्वा रुपयाच्या आत. गोदामाच्या भाड्याचा करार नव्याने करण्याचा विषयही त्याच पत्रिकेत होता, आठव्या क्रमांकावर. टर्नरने आणि ताईने दोघांनीही बाजूने हात वर केला.

शेअर विकत घेण्याचे मालकांचे नवे पत्र ९५ रुपयांचे आले. आधी कागदी शेअर डिमॅट करून घ्यावे लागले, कारण २०१८ च्या ऑक्टोबरपासून असल्या कंपन्यांचेही शेअर कागदावर दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत. त्यात यजमानांच्या नावातल्या एका वेलांटीने दोन महिने खाल्ले. नातीच्या फीसाठी ताईने पंधराशे विकले. एक लाख बेचाळीस हजार पाचशे रुपये. अडीच हजार तिने ठेवले आहेत.